रात्री मोजल्या आणि शहरं गळाली: कोल्हापूरहून पॅरिस, ल्युसर्न, फ्लोरेन्स, रोम

युरोपला जायचं ठरलंय असं सांगितलं की कोल्हापुरात पहिला प्रश्न येतो, "कुठल्या टूरबरोबर?" कुणाबरोबर नाही, आमचं आम्हीच जाणार आहोत, असं म्हटलं की समोरचा जरा काळजीने बघतो. ती काळजी अगदीच अनाठायी नसते. मी शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत अकाउंट्स बघते, नवरा ज्युनिअर कॉलेजला शिकवतो, लेक नववीत. पासपोर्ट फक्त माझ्याकडे होता आणि तोही कोरा. २०२५ च्या दिवाळीत आम्ही तिघं जाऊन आलो. तेव्हापासून ओळखीतले आणि ओळखीच्या ओळखीतले फोन करून तेच तेच विचारतात, म्हणून सगळं एकदा ओळीने लिहून ठेवते.

टूर आम्हीही बघितली होती. जानेवारीत दोन-तीन ठिकाणी जाऊन पत्रकं आणली. माणशी पावणेतीन लाखांच्या आसपास, त्यावर पाच टक्के जीएसटी आणि वर पाच टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊच गोळा केला जाणारा आयकर. टीसीएस रिटर्न भरल्यावर मिळतो, पण तोवर पैसे अडकतात, हे माझ्यासारख्या हिशेबनिसाला लगेच टोचतं. त्याहून टोचलं ते वेळापत्रक. दहा दिवसांत सात देश! बारीक अक्षरं वाचली तर निम्मी ठिकाणं बसमधून बघायची होती. आणि फ्लोरेन्ससमोर लिहिलं होतं, 'फोटो स्टॉप'. आम्हाला फ्लोरेन्सच तर बघायचं होतं.

त्याचं कारण कोल्हापूरकरांना वेगळं सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी सांगते. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज १८७० साली इंग्लंडला गेले. तेव्हा ते जेमतेम विशीचे. परतीच्या वाटेवर ३० नोव्हेंबर १८७० ला फ्लोरेन्समध्ये ते वारले. इटलीत तेव्हा दहनाची रीत नव्हती. खास परवानगी काढून अर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर त्यांना अग्नी दिला. त्या जागी १८७४ साली छत्री उभी राहिली. आपला नवा राजवाडा ज्या चार्ल्स मँटने आखला, त्याचाच हात या छत्रीलाही लागलाय. (आपल्याकडे राजाराम महाराज म्हटलं की आधी 'कोणते?' हे विचारावं लागतं. उजळाईवाडीच्या विमानतळाला ज्यांचं नाव आहे ते नंतरचे, शाहू महाराजांचे चिरंजीव.) नवरा इतिहास शिकवतो. त्याच्या डोक्यात ही छत्री लग्नाआधीपासून होती. तेव्हा टूर रद्द झाली आणि काम आमच्या गळ्यात पडलं.

पहिलं काम पासपोर्टचं. फेब्रुवारीत नवऱ्याचा आणि लेकीचा अर्ज ऑनलाइन भरला. मोठ्यांना छत्तीस पानांच्या पासपोर्टला १५०० रुपये, अठराच्या आतल्यांना १०००. कोल्हापुरातच पोस्टाचं पासपोर्ट सेवा केंद्र आहे, त्यामुळे पुण्याचा हेलपाटा वाचतो. पासपोर्ट मात्र पुण्याहून छापून स्पीड पोस्टाने येतो. मुलांसाठी आई-वडील दोघांच्या सहीचं 'अनेक्शर डी' हे घोषणापत्र लागतं. नवऱ्याच्या पोलिस पडताळणीसाठी चौकीतून फोन आला, आधारची झेरॉक्स आणि दोन ओळखीच्या शेजाऱ्यांची नावं घेऊन गेला, काम झालं. एक मात्र आत्ताच तपासा: पासपोर्ट, पॅन आणि बँकेतलं नाव एकसारखं आहे का? माझ्या पासपोर्टवर माहेरचं आडनाव आणि बँकेत सासरचं. लग्नाच्या नोंदणीचा दाखला इंग्रजीत होता म्हणून निभावलं.

मग खरं काम, म्हणजे आखणी. कॅलेंडरचं जुनं पान उलटं करून त्याच्या कोऱ्या बाजूवर नवऱ्याने तक्ता काढला. प्रत्येकाने आपापली शहरं सांगितली. माझं पॅरिस आणि स्वित्झर्लंड, लेकीचं व्हेनिस आणि ॲमस्टरडॅम, नवऱ्याचं फ्लोरेन्स आणि रोम; प्राग कुणाचं होतं ते आता कुणीच कबूल करत नाही. रजा बघता हातात फार तर बारा-तेरा रात्री. तक्त्यात सगळं बसलं, अगदी नीट बसलं. पण नंतर मी प्रत्येक ओळीसमोर वेळ मांडायला लागले. हॉटेल सकाळी दहा-अकराला सोडायचं, पुढच्या गावी खोली दुपारी तीनला मिळणार. मध्ये स्टेशन गाठा, गाडी, पुन्हा मेट्रो, जिने, बॅगा. शहर बदललं की तो दिवस निम्मा गेलाच. सात शहरं म्हणजे सहा दिवस निम्मे. वर विमानाचे दोन दिवस धरायचेच नाहीत, कारण एका दिवशी डोळे मिटत असतात आणि दुसऱ्या दिवशी जीव टांगणीला असतो.

म्हणून आम्ही शहरं मोजायचं सोडून रात्री मोजायला लागलो. एका गावाला दोनपेक्षा कमी रात्री द्यायच्या नाहीत, मोठ्या गावाला तीन किंवा चार, आणि जाण्याची दिशा एकच. उलटं यायचं नाही. या चाळणीत प्राग आणि ॲमस्टरडॅम पहिल्या संध्याकाळी गळाले. व्हेनिसवर मात्र घरात आठवडाभर धुसफूस चालली. लेकीचं म्हणणं सरळ होतं: "तुमची छत्री बघायची आणि माझं पाण्यातलं गाव नाही?" फ्लोरेन्सहून व्हेनिस वेगवान गाडीने सव्वादोन तास, एका दिवसात जाऊन येता येतं. पण फ्लोरेन्सच्या तीन रात्रींतला मधला दिवस तिकडे दिला तर उफीत्सी संग्रहालय आणि छत्री यांतलं एकच होणार. शेवटी तिने व्हेनिस सोडलं, त्या बदल्यात पॅरिसचे चारही दिवस तिने आखायचे आणि आम्ही तोंड उघडायचं नाही, असा तह झाला. तिने ते फार छान आखले, हे इथेच सांगून टाकते.

अंतिम तक्ता असा ठरला: पॅरिस चार रात्री, स्वित्झर्लंडमधलं ल्युसर्न दोन, फ्लोरेन्स तीन, रोम तीन. मुंबईहून पॅरिसला उतरायचं आणि रोमहून परत फिरायचं. विमानाचं तिकीट शोधताना 'राउंड ट्रिप' ऐवजी 'मल्टी-सिटी' निवडलं की असं तिकीट मिळतं आणि किंमत फारशी वेगळी नसते. पॅरिसला परत येण्याचा दिवस आणि भाडं दोन्ही वाचतं.

हा तक्ता नुसता हौसेचा नसतो, त्यावरच व्हिसा ठरतो. शेंगेन या युरोपीय देशांच्या गटात आता २९ देश आहेत आणि एका व्हिसावर सगळीकडे फिरता येतं, पण अर्ज हवा त्या देशाकडे करता येत नाही. ज्या देशात सर्वांत जास्त रात्री, त्या देशाकडे. रात्री सारख्या असतील तर जिथून आत शिरणार त्याच्याकडे. आमच्या इटलीत सहा, फ्रान्समध्ये चार, स्वित्झर्लंडमध्ये दोन; म्हणून अर्ज इटलीकडे, जरी उतरणार पॅरिसला होतो तरी. अमुक देशाचा व्हिसा लवकर मिळतो म्हणून खोटी हॉटेलं दाखवून तिकडे अर्ज करा, असं सांगणारे खूप भेटतात. त्यांचं ऐकू नका. कागद आणि खरा प्रवास जुळला पाहिजे, कारण विमानतळावरही विचारू शकतात.

आता तारीख. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी. निकालाला नियमाने पंधरा दिवस, पण पंचेचाळीसपर्यंत लांबू शकतो. मेच्या सुट्टीची गर्दी आम्हाला नकोच होती, दिवाळीचा एक फायदा हाच. सासूबाईंना तो फायदा दिसत नव्हता. "ऐन दिवाळीत घराला कुलूप?" मग असं ठरलं की लक्ष्मीपूजन, पाडवा, भाऊबीज सगळं घरी करायचं आणि २३ ऑक्टोबरला भाऊबीज आटोपून रात्रीच्या महालक्ष्मी एक्सप्रेसने निघायचं. मलाही ते सोयीचं होतं. दर महिन्याच्या वीस तारखेच्या जीएसटीच्या कामातून मोकळी झाल्याशिवाय रजा मागायची सोय नव्हती, आणि पुढच्या ११ तारखेच्या आत टेबलावर हजर होणं भाग होतं.

जुलैत कागद जमवायला घेतले. यादी लांब वाटते, पण त्यातलं तत्त्व सोपं आहे: तुम्ही कोण, पैसे कुठले, जाणार कुठे आणि परत का येणार. या चार प्रश्नांना एकेक कागद लावत गेलं की यादी पुरी होते. भरलेला आणि सही केलेला अर्ज, ३५ बाय ४५ मिलिमीटरचे पांढऱ्या पार्श्वभूमीवरचे फोटो (स्टुडिओवाल्याला 'शेंगेनचा' म्हणून सांगा, साधा पासपोर्टचा चालत नाही), पासपोर्ट, बँकेची स्टेटमेंट, आयकर रिटर्न, पगाराच्या स्लिपा, नोकरीच्या ठिकाणचं रजा मंजुरीचं पत्र, हॉटेलची आरक्षणं, विमानाचं आरक्षण, शहराशहरांमधल्या प्रवासाचा तपशील, विमा आणि या सगळ्याला बांधणारं एक पानी पत्र. लेकीसाठी जन्मदाखला आणि आम्हा दोघांचं संमतीपत्र.

यातल्या काही कागदांवर जरा थांबते. नवऱ्याच्या संस्थेचं लेटरहेड संपूर्ण मराठीत. मजकूर इंग्रजीत आणि लेटरहेड मराठीत, असं चालेल का यावर कार्यालयात दोन दिवस खल झाला, शेवटी हेडक्लार्कनी संस्थेचं नाव-पत्ता इंग्रजीत टाइप करून खाली गोल शिक्का मारला. चाललं. बँकेचं स्टेटमेंट मोबाइलवरून काढलेलं आणू नका. शाखेत जाऊन प्रत्येक पानावर सही-शिक्का घ्या. आणि आपल्याकडची खास भानगड म्हणजे भिशी. ऐन स्टेटमेंटच्या महिन्यात भिशी लागून दीड लाख खात्यात आले तर बघणाऱ्याला ते उसने आणून ठेवलेले वाटणार. माझी भिशी जूनमध्ये लागत होती, मी मैत्रिणीशी पाळी बदलून घेतली. पतसंस्थेतल्या ठेवीच्या पावत्या मराठीत होत्या, त्या लावल्याच नाहीत. बँकेतली ठेव पुरेशी होती. "सात-बारा लावा, वजन पडतं," असंही चारजणांनी सांगितलं. जमीन सासऱ्यांच्या नावावर, उतारा मराठीत, त्याचं भाषांतर करा, त्यापेक्षा रिटर्न नीट असलेलं बरं.

विम्याला किमान ३०,००० युरोचं वैद्यकीय संरक्षण हवं आणि ते सगळ्या शेंगेन देशांना लागू हवं. तिघांचा मिळून साडेचार हजारांत झाला. हॉटेलं फुकट रद्द होणारी घेतली. आरक्षणाच्या कागदावर तिघांचीही नावं येतील असं बघा, नाहीतर एकाच्या नावाची खोली आणि दोघं अधांतरी. विमानाचं तिकीट व्हिसाआधी पैसे भरून काढायची सक्ती नाही, आरक्षण पुरतं. आम्ही आरक्षणच लावलं. जुलैत बावन्न हजारांना दिसणारं तिकीट व्हिसा आल्यावर एकसष्टला घ्यावं लागलं. तिघांचे सत्तावीस हजार जास्त गेले, पण व्हिसा नाकारला गेला असता तर बरंच जास्त गेलं असतं. ते पैसे मी विम्यातच धरते.

व्हिसाचा अर्ज द्यायला जायच्या अपॉइंटमेंटचा स्लॉट हे वेगळंच प्रकरण. संकेतस्थळावर सगळ्या तारखा करड्या. रोज सकाळी चहाच्या आधी आणि रात्री झोपताना बघायचं असं दोघांनी वाटून घेतलं. जुलैच्या शेवटी एका सकाळी १२ ऑगस्ट हिरवा दिसला, मुंबई. तिघांचा एकत्र स्लॉट लगेच घेतला. पैसे मागून तारीख काढून देणारे मध्ये भेटले होते, त्यांच्या वाटेला गेलो नाही.

ऑगस्टात कोल्हापूरहून कुठे निघायचं म्हणजे पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी बघून. २०१९ आणि २०२१ च्या पुरात शिरोलीजवळ महामार्गावर पाणी येऊन रस्ता बंद पडला होता, ते कोण विसरेल? म्हणून अपॉइंटमेंटच्या एक दिवस आधीच मुंबईत पोचलो आणि ठाण्याला नणंदेच्या दिराकडे राहिलो. हॉटेलचे पैसे वाचले, उलट रात्री त्यांनी सगळी फाईल तपासून दिली.

व्हिसा केंद्रात मोबाइल बंद, मोठी बॅग आत नाही. टोकन, मग काउंटर. काउंटरवरच्या मुलीने आमचा तक्ता घेतला, गुलाबी हायलायटर काढला आणि एकेका हॉटेलच्या कागदावरच्या तारखा तक्त्यातल्या तारखांशी जुळवत रात्री मोजल्या. ओठ हलवत, बोटाने. माझा श्वास तेवढा वेळ वर होता. "एंट्री पॅरिस, अप्लाय इटली?" तिने विचारलं. मी पत्रातला परिच्छेद दाखवला: इटलीत सहा रात्री, कारण अमुक. पत्रात राजाराम महाराजांच्या छत्रीचाही उल्लेख होता. ती हसली, "छान आहे हे," म्हणाली आणि शिक्का मारला. मुलाखत अशी झालीच नाही. बोटांचे ठसे आणि फोटो घेतात. ते ५९ महिने चालतात. फी मोठ्यांना ९० युरो, जून २०२४ पासून. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना निम्मी, पण आमची लेक चौदाची, म्हणजे पूर्ण. सेवाशुल्क आणि कुरिअर धरून तिघांचे बत्तीस हजार गेले.

त्यानंतर वाट बघणं. कागद जमवताना निदान हात चालू असतात. आता काही करायचंच नव्हतं. ट्रॅकिंगचं पान रोज तेच वाक्य दाखवायचं. गणपती आले. १ सप्टेंबरला गौरीपूजन, घरात बायका, हळदीकुंकू चाललेलं, आणि दारात कुरिअरवाला. ओळखपत्र दाखवा म्हणाला. आधारकार्ड शोधायला मी आत पळाले तेव्हा सासूबाईंनी त्याच्या हातावर पुरणपोळी ठेवलीसुद्धा. तीन पासपोर्ट, तीन व्हिसे. पाकीट उघडल्यावर नाचायच्या आधी चार गोष्टी तपासा: नावाचं स्पेलिंग, पासपोर्ट क्रमांक, 'पासून-पर्यंत'च्या तारखा आणि राहण्याचे दिवस. तारखांची मुदत राहण्याच्या दिवसांपेक्षा मोठी असते, त्यामुळे फसगत होते. मोजायचे ते दिवस.

पुढचे दोन महिने म्हणजे तिकिटांच्या खिडक्या उघडण्याची वाट. महालक्ष्मीचं आरक्षण आता साठ दिवस आधी उघडतं. दिवाळीची गर्दी म्हणून व्हिसा यायच्या आधीच, २४ ऑगस्टला सकाळी आठलाच बसलो. आयफेल टॉवरच्या लिफ्टची तिकिटं साठ दिवस आधी, रोमच्या कोलोसियमची तीस दिवस आधी आणि तीही नावानिशी, म्हणून पासपोर्ट बरोबर ठेवावा लागतो. पॅरिसचं लूव्र संग्रहालय तेव्हा २२ युरो, अठराच्या आतल्यांना फुकट, मंगळवारी बंद. उफीत्सी सोमवारी बंद. इटलीत महिन्याच्या पहिल्या रविवारी सरकारी संग्रहालयं फुकट असतात, ऐकायला गोड, पण आगाऊ वेळ मिळत नाही आणि रांग अफाट. आमच्या फ्लोरेन्सच्या मुक्कामात नेमका तो रविवार, २ नोव्हेंबर. म्हणून उफीत्सी पैसे भरून शनिवारी आणि रविवार छत्रीला. २०२५ हे रोममध्ये जुबिलीचं, म्हणजे कॅथलिकांचं पवित्र वर्ष, जगभरचे भाविक तिथे; हॉटेलं महाग आणि व्हॅटिकनला गर्दी. तिथली हॉटेलं सगळ्यात आधी धरली होती ते बरं झालं.

स्वित्झर्लंडची चलनाची गोष्ट अनेकांना माहीत नसते. शेंगेनमध्ये आहे, पण युरो नाही, फ्रँक. तेव्हा एक फ्रँक एकशे दहा रुपयांच्या आसपास. तीन दिवसांचा स्विस ट्रॅव्हल पास अडीचशे फ्रँकच्या घरात, ऐकून घेरी येते. पण त्यात गाड्या, सरोवरातल्या बोटी आणि रिगी डोंगराची दातेरी चाकांची रेल्वेही येते, आणि सोळाच्या आतलं मूल आई-वडिलांबरोबर फुकट. हिशेब मांडल्यावर पासच परवडला.

१९ ऑक्टोबरला, रविवारी, मी चकल्या तळत होते आणि फोन वाजायला लागले. लूव्रमध्ये भरदिवसा दरोडा. "तुम्ही जायच्या आधीच उरकलं की ओ!" हा विनोद मी त्या दिवशी किती जणांकडून ऐकला. संग्रहालय बंद, आमचं तिकीट २७ चं. २२ ला पुन्हा उघडलं तेव्हा जीव भांड्यात पडला. फराळाबद्दल एक नियम: युरोपीय देशांत बाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ न्यायला बंदी आहे. पेढे, बर्फी घरीच. चिवडा, चकली, शंकरपाळी आणि कांदा-लसूण मसाल्याची छोटी पुडी नेली. माणशी एकच चाकाची बॅग आणि एक पाठीवरची. पॅरिसच्या मेट्रोतले जिने चढताना या निर्णयाबद्दल तिघांनी माझे आभार मानले.

२५ ला पॅरिसला उतरलो. १२ ऑक्टोबरपासून युरोपच्या सीमेवर शिक्क्याऐवजी बोटांचे ठसे आणि चेहरा नोंदवायची पद्धत टप्प्याटप्प्याने सुरू झाली होती, पण आमच्या पासपोर्टवर शिक्काच बसला. हॉटेलची आणि परतीच्या तिकिटाची छापील प्रत हातात होती, विचारलं कुणीच नाही. विमानतळावरून शहरात यायचं तिकीट तेव्हा १३ युरो, शहरातली मेट्रो अडीच युरो. दुसऱ्याच पहाटे घड्याळं एक तास मागे गेली, कारण ऑक्टोबरचा शेवटचा रविवार. भारताशी अंतर साडेतीनाचं साडेचार तास झालं, आणि संध्याकाळी सहाच्या आत अंधार. बाहेरचं बघायचं ते पाचच्या आत, संग्रहालयं संध्याकाळी, असं लेकीने आधीच मांडलं होतं. सहा नंबरची मेट्रो सीन नदीवरच्या पुलावरून जाते आणि डब्यातून आयफेल दिसतो, हेही तिचंच संशोधन. नोत्र दाम हे मोठं चर्च आगीनंतर डिसेंबर २०२४ मध्ये उघडलं. प्रवेश फुकट, रांग भरभर सरकते.

ल्युसर्नला एक दिवस धुकं आणि एक दिवस लख्ख ऊन. उन्हाचा दिवस रिगीचा निघाला, यात आमची काही हुशारी नाही. १८७१ पासून चालणारी ही रेल्वे, युरोपातली पहिली डोंगरावर चढणारी. वर कॉफीचे भाव बघून नवऱ्याने चिवड्याची पिशवी उघडली. तिथून गोत्थार्डच्या ५७ किलोमीटरच्या बोगद्यातून मिलान. मिलानला गाडी बदलायला मी तासाभराचं अंतर ठेवलं होतं, त्यातली चाळीस मिनिटं आधीच्या गाडीच्या उशिरानं खाल्ली. सलग गाड्या जोडताना एवढं अंतर ठेवाच. स्टेशनवर सगळ्यांच्या पायांकडे बघून लेक म्हणाली, "आपल्या कोल्हापुरी चपला इथल्या फॅशन शोमध्ये मिरवल्या, रस्त्यावर मात्र कुणाच्या पायात नाहीत."

फ्लोरेन्समध्ये २ नोव्हेंबरच्या सकाळी स्टेशनजवळून टी-वन ट्राम पकडली आणि काशिने बागेपाशी उतरलो. छत्री बागेच्या अगदी पश्चिम टोकाला आहे, चांगली पाऊण तासाची चाल. वाटेत धावणारे, सायकलवाले, कुत्री फिरवणारे. पर्यटक एकही नाही. एका आजोबांना नवऱ्याने फोनवरचा फोटो दाखवून विचारलं तर ते म्हणाले, "आ, ल'इंदियानो!" (म्हणजे 'तो भारतीय') आणि हाताने सरळ सरळ अशी खूण केली. जवळच्या मोठ्या पुलाचं नावही त्यावरूनच पडलंय, पोंते आल्ल'इंदियानो. वरून मोटारींचा सतत आवाज, खाली दोन नद्या मिळतात तिथे ही छत्री. आत अर्धपुतळा, रंगवलेला: डोक्यावर पागोटं, गळ्यात मोत्यांच्या माळा, चेहरा पोरसवदा. लेक आधी काही बोलली नाही. मग म्हणाली, "हे तर आपल्या सीनियर कॉलेजमधल्या पोरांएवढेच आहेत." नवऱ्याने घरून आणलेली अंबाबाईच्या कुंकवाची पुडी काढली, चौथऱ्यावर चिमूटभर ठेवलं आणि पुढचा अर्धा तास तो छत्रीच्या खांबांचे फोटो काढत होता, राजवाड्याच्या खांबांशी ताडून बघायला. मी बाकावर बसून चकली खाल्ली. भूक लागली होती. दुकान आसपास नाही, पाणी आणि खाणं बरोबर न्या.

रोमबद्दल थोडक्यात. हॉटेलात प्रत्येकी प्रत्येक रात्रीचा शहरकर वेगळा घेतात, तो आरक्षणाच्या रकमेत नसतो. रस्त्यारस्त्यावर नळाची कारंजी आहेत, पाणी उत्तम, बाटली विकत घ्यायची गरज नाही. व्हॅटिकन संग्रहालय २० युरो आणि ऑनलाइनचे पाच वेगळे, तरी ऑनलाइनच घ्या. रेल्वेच्या संपाच्या बातम्या आदल्या दिवशी बघून ठेवा. इटलीत संप जाहीर करून करतात. रोमच्या वाट्याला आमची उरलेली ताकद आली आणि ती पुरली नाही. पुन्हा आखलं तर पॅरिसची एक रात्र काढून रोमला देईन, लेकीने कितीही कांगावा केला तरी.

खर्च. विमान एक लाख त्र्याऐंशी हजार, व्हिसा बत्तीस हजार, विमा साडेचार हजार, हॉटेलं एक लाख शहाऐंशी हजार, रेल्वे आणि पास ब्याऐंशी हजार, खाणं-तिकिटं-मेट्रो एक लाख पंधरा हजार. तिघांचे मिळून सहा लाखांच्या किंचित वर. युरो फॉरेक्स कार्डावर घेतले होते, रोख फक्त दोनशे. त्यातलेही ऐंशी परत आले. ते मोडले नाहीत, कपाटात आहेत. बोर्डिंग पास आणि हॉटेलच्या पावत्याही जपून ठेवल्यात. तीन वर्षांत दोन शेंगेन व्हिसे नीट वापरलेल्या भारतीयांना २०२४ पासून दोन वर्षांचा व्हिसा मिळू शकतो. आमचा एक झाला. लेकीने कॅलेंडरचं दुसरं पान उलटं करून ठेवलंय आणि पहिल्या ओळीत व्हेनिस लिहिलंय. त्यासमोर रात्री किती, ते अजून लिहिलेलं नाही.